सड्यावरचे ‘तण’ आणि केर्नचा पतंग

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस स्थिरावला की दरवर्षी वनमहोत्सवाची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. पाहुण्यांच्या हातात रोप असते, मागे विद्यार्थी छत्र्या धरून उभे असतात आणि खाली ओळ छापलेली असते की, अमुक गावच्या ओसाड सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, इतकी रोपे लावण्यात आली. झाडे लावण्याला माझा विरोध असण्याचे कारणच नाही, कारण बत्तीस वर्षे विज्ञान शिकवताना मी स्वतः मुलांकडून पुष्कळ झाडे लावून घेतली आहेत. या पत्राचा विषय त्या ओळीतील ‘ओसाड’ हा एकच शब्द आहे. जी जमीन माणसाला रिकामी दिसते ती खरोखर रिकामी असते का, याचा विचार मला आपल्या सत्तरी तालुक्यात नव्हे, तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, एका अप्रसिद्ध पतंगामुळे करावा लागला. म्हणून आधी त्याची हकिकत सांगते आणि मग आपल्या सड्यावर परत येते.

माझा भाचा त्या राज्याच्या केर्न परगण्यात, बेकर्सफिल्ड येथे, नोकरीनिमित्त राहतो. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात मी त्याच्याकडे महिनाभर होते. एका रविवारी तो मला डोंगरांनी वेढलेल्या वॉकर बेसिन नावाच्या खोऱ्यात घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची कुंपणे, पलीकडे गुरांची खासगी कुरणे, मध्येच कोरड्या ओहोळाची पांढरट वाळू आणि त्या वाळूत बोटभर उंचीची पिवळी फुले, एवढाच देखावा होता. ‘मावशी, या वाळूसाठी इथे सरकारने कायदा लावला आहे,’ असे तो म्हणाला तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

कायदा अर्थातच वाळूसाठी नव्हता. या खोऱ्यात ‘केर्न प्रिमरोझ स्फिंक्स मॉथ’ नावाचा पतंग राहतो आणि शास्त्रज्ञ त्याला युप्रोसर्पिनस युटर्पे म्हणतात. आपल्या अंगणातील तगरीवर आणि कण्हेरीवर पावसाळ्यात जी जाडजूड हिरवी, शेपटाला शिंग आणि मानेपाशी निळे डोळे असलेली अळी सापडते आणि जिला पाहून घरातील निम्मी माणसे किंचाळतात, तिचा आणि या केर्नच्या पतंगाचे कूळ एकच, म्हणजे हॉक मॉथ किंवा स्फिंक्स मॉथ म्हणतात ते. मात्र आपल्या कवितांतील पतंग दिव्यावर झेप घेऊन जीव देतो, तसा हा देत नाही, कारण दिवा लागण्याच्या वेळेला याचा दिवस संपलेला असतो. तो उन्हात उडतो. वसंताच्या सुरुवातीच्या थंड सकाळी तो उघड्या वाळूवर, कच्च्या रस्त्यावर किंवा उंदरासारख्या प्राण्यांनी उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर ऊन खात बसतो आणि अंग तापले की जमिनीलगत वेगाने निघून जातो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, एवढाच त्याचा हंगाम. अंगाने तो लहान पण गुटगुटीत असतो, आणि तो समोरून गेला तरी पाहणाऱ्याला बहुधा भुंगा गेल्यासारखे वाटावे.

या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८८८ मध्ये हेन्री एडवर्ड्स यांनी केले. गोमंतकीय वाचकांना आवडेल असा तपशील म्हणजे हे एडवर्ड्स पेशाने रंगभूमीवरील नट होते. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस ऑस्ट्रेलिया, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क असा नाटके करत फिरला आणि जिथे गेला तिथे कीटक जमवत राहिला. त्यांचा प्रचंड संग्रह पुढे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीकडे गेला. जत्रेच्या रात्री राजाचे सोंग घेऊन पहाटे कुळागरात शिंपणे करायला जाणारे नट आपण पाहिले आहेत, त्यामुळे असा माणूस आपल्याला परका वाटू नये. युटर्पे हे नावही त्यांच्या रसिकतेला शोभणारे आहे, कारण ग्रीक पुराणांत संगीताची देवता त्या नावाने ओळखली जाते.

त्यानंतर मात्र हा पतंग इतकी वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही की तो नामशेष झाला असेच जाणकार धरून चालले. १९७४ मध्ये तो वॉकर बेसिनमध्ये पुन्हा सापडला. एखाद्या राखीव जंगलात नव्हे, माणसाचा पाय न लागलेल्या दरीतही नव्हे, तर गुरे चरणाऱ्या आणि कधी काळी नांगर फिरलेल्या खासगी जमिनीत तो सापडला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या जमिनीला कोणी सुंदर म्हटले नसते, आणि तीवर घरे उभी राहिली असती किंवा दुसरे काही लावले असते, तर कोणी हळहळलेही नसते.

आता त्या पिवळ्या फुलांविषयी. ती ईव्हनिंग प्रिमरोझच्या कुळातील कमिसोनिया नावाची, एका हंगामात उगवून संपणारी लहान झाडे आहेत. या पतंगाच्या अळीचे सारे आयुष्य त्यांच्या पानाफुलांवर अवलंबून असते. मादी झाडावर अंडी घालते, अळी बाहेर येते, खाते, वाढते आणि शेवटी मातीत उतरून कोष करते. वर्षाचा बहुतेक काळ हा प्राणी मातीखाली कोषरूपातच असतो, आणि काही कोष एकाहून अधिक वर्षेही तसेच थांबू शकतात. म्हणजे ज्या महिन्यांत वर काहीही उडताना दिसत नाही, त्याच महिन्यांत जमिनीत त्याची पुढची पिढी असते. ‘आम्ही पाहिले, तिथे काहीच नव्हते’ असे म्हणून यंत्रे लावणाऱ्यांचे म्हणणे अकरा महिने अगदी बरोबर ठरते, ते असे.

या पतंगाच्या कथेतला सर्वांत चटका लावणारा भाग मात्र वेगळा आहे. त्याच वाळूत, त्याच प्रिमरोझच्या शेजारी, फिलारी नावाचे एक तण वाढते. शास्त्रीय नाव इरोडियम. त्याची जांभळट गुलाबी फुले देखणी असतात आणि फळ सुईसारखे लांब व टोकदार असते, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला टाचणीच्या नावावरून नाव दिले. ज्यांच्या आजीआजोबांच्या बोलण्यात पोर्तुगीज शब्द असत त्यांना टाचणीसाठी ‘आल्फिनेत’ हा शब्द आठवेल. फिलारी हे त्याच्याच स्पॅनिश भावंडातून आलेले नाव. या तणाच्या बीला एक पीळदार शेपूट असते. ओल लागली की तो पीळ सुटतो, सुकले की पुन्हा बसतो आणि या हालचालीने बी स्क्रूसारखे आपणहून मातीत शिरते. असे बी एकदा आले की जाणार कसे? हे तण मूळचे भूमध्य समुद्राकाठचे आणि युरोपातले. स्पॅनिश वसाहतींच्या काळात ते कॅलिफोर्नियात पोहोचले आणि जिथे माती उकरली गेली वा चरली गेली तिथे पसरत गेले. केर्नच्या पतंगाची मादी प्रिमरोझ समजून या फिलारीवरही अंडी घालते, असे अभ्यासकांना आढळले. अंडी उबतात, अळ्या बाहेर येतात, पण त्या पानांवर त्यांचे पोषण होत नाही आणि त्या उपासमारीने मरतात.

येथे कोणी पतंगाला मारलेले नाही, औषध फवारलेले नाही, जाळे टाकलेले नाही. हजारो पिढ्या ज्या खुणेवर विश्वास ठेवून मादीने अंडी घातली, त्या खुणेच्या शेजारी कोणीतरी तशीच फसवी खूण आणून ठेवली, एवढेच घडले. पतंगाच्या मादीच्या पायांवर चव घेणारे अवयव असतात आणि पानाला पाय टेकूनच ती निवड करते, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले होते. ती निवड चुकू शकते आणि चुकली तर पिढीच्या पिढी वाया जाते, हे माझ्या लक्षात वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून आले.

गोव्याच्या माणसाला परदेशी वनस्पतींचे नवल सांगण्याची गरज नाही. काजू, मिरची, अननस, पपई ही सारी पोर्तुगिजांच्या काळात जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली, आणि आज काजूशिवायच्या वैशाखाची किंवा मिरचीशिवायच्या हुमणाची कल्पना आपण करू शकत नाही. त्यामुळे बाहेरून आलेले ते सारे वाईट, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतच याचे उलट उदाहरण आहे. तिथल्या ‘बेला मॉथ’ नावाच्या रंगीत पतंगाची अळी घागरीच्या (क्रोटालारिया) जातीच्या, खुळखुळणाऱ्या शेंगांच्या झाडांवर जगते. आपल्या भारतातील या जातीची काही झाडे विसाव्या शतकात हिरवळीचे खत म्हणून फ्लोरिडात नेऊन लावली गेली, तर त्या पतंगाने ती बिनतक्रार आपलीशी केली. एका पतंगाला पाहुणी वनस्पती घातक ठरली, दुसऱ्याला ती पचली. कोणती कोणाला पचेल हे आधी ठाऊक नसते, आणि म्हणूनच लावण्यापूर्वी विचारणे आवश्यक असते.

अमेरिकन सरकारने ८ एप्रिल १९८० रोजी केर्नच्या पतंगाची नोंद संकटग्रस्त जीवांच्या १९७३ च्या कायद्याखाली ‘धोक्यात आलेली प्रजाती’ म्हणून केली आणि १९८४ मध्ये त्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा तयार झाला. त्यात शेती, चराई आणि तणांबरोबर हौशी संग्राहकांचाही धोका म्हणून विचार करावा लागला. दुर्मीळ म्हटले की ती वस्तू आपल्या पेटीत टाचणीला टोचलेली हवी असे वाटणारी माणसे सर्वत्र असतात. पुढे कॅलिफोर्नियातीलच कॅरिझो मैदानाच्या परिसरातही हा पतंग आढळला, म्हणजे नष्ट झाला म्हणून सोडून दिलेला जीव शोधणाऱ्यांना आणखी एका ठिकाणी भेटला. या साऱ्यातून त्याचे सर्व प्रश्न सुटले असे मुळीच नाही. चराई पूर्ण थांबवावी तर गवत माजून उघडी वाळू आणि प्रिमरोझ दोन्ही झाकली जाण्याची भीती, आणि मोकाट चराई चालू द्यावी तर मेंढ्यांच्या खुरांखाली झाडे व कोष तुडवले जाण्याची भीती, असा हा पेच आहे. तो सोडवायला खोऱ्यातील प्रत्येक तुकड्याकडे वेगळे पाहावे लागते आणि त्यासाठी तिथे काय उगवते याची नोंद आधी असावी लागते.

आता आपल्या सड्यावर येते. घागरीच्या जातीचा उल्लेख मी वर केला, तो मुद्दाम. गणेश चतुर्थीला आपण गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधतो तेव्हा माट्टीची फळे, कांगल्या आणि नारळ-सुपारीच्या घोसांबरोबर ‘घागऱ्यो’ बांधल्याशिवाय ती पुरी होत नाही. सुकलेली शेंग हलवली की आतले बी घागरीतल्या खड्यांसारखे खुळखुळते, म्हणून हे नाव. याच झाडावर आपल्याकडे एक पतंग जगतो. पांढरट पंखांवर लाल आणि काळे ठिपके, जणू कोणी कुंकू आणि काजळ शिंपडले आहे. तो उटेथिसा वंशातला, म्हणजे अमेरिकेतील बेला मॉथचा सख्खा चुलतभाऊ. त्याची अळी घागऱ्योची पाने खाते, शेंगेत शिरून बी खाते आणि त्या झाडातले विष स्वतःच्या अंगात साठवते. बेला मॉथवर कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर यांनी जे काम केले त्यातून दिसले की, असा पतंग जाळ्यात सापडला तर कोळी त्याला खात नाही, उलट जाळ्याचे धागे तोडून त्याला मोकळे करतो. नर आपल्या अंगातील विषाचा काही भाग मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि ते पुढे अंड्यांचे रक्षण करते. एखाद्या बापाने मुलांच्या नावाने ठेव ठेवावी, तसे. ही सारी खटपट ज्या झाडाच्या जिवावर चालते ते झाड आपल्या भाषेत दोन नावांनी ओळखले जाते: चतुर्थीच्या चार दिवसांत माटोळीचे सामान, आणि उरलेल्या वर्षभर तण.

आमच्या गावाबाहेरच्या सड्यावर घागऱ्योचा एक चांगला मोठा पट्टा होता. गेल्या वर्षी ज्येष्ठात एका संस्थेने तिथे वृक्षारोपण ठरवले आणि खड्डे मारणे सोपे जावे म्हणून आधी यंत्राने तो संपूर्ण भाग खरवडून घेतला. हेतू वाईट नव्हता, आणि मला कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. मी विचारले तेव्हा मला अगदी नम्रपणे उत्तर मिळाले, ‘बाई, तिथे काहीच नव्हते, सगळी झुडपेच होती.’ लावलेली रोपे ऑस्ट्रेलियन अकेशियाची होती. हे झाड जांभ्या दगडावरही तग धरते, म्हणूनच गोव्यात ते इतके पसरले. पण त्याच्या पानांचा जाड थर खाली साचत जातो आणि त्या थरातून बाकीचे फारसे वर येत नाही. सड्यावरची माती मुळातच वीतभर, कुठे तर चार बोटे. तेवढ्याशा मातीत श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे निळी होतात, तेरडा फुलतो, पाणी साचलेल्या खळग्यांत इतर बारीक फुले पांढरी पसरतात. हे सर्व उन्हाळ्यात पाहायला जाल तर काळा दगड आणि वाळलेले गवत याशिवाय काही दिसणार नाही. वॉकर बेसिनमध्येही मला पहिल्या दृष्टीत वाळूच दिसली होती.

गेल्या चतुर्थीला आमच्या वाड्यावरील ज्या दोघी बायका दरवर्षी माटोळीचे सामान गोळा करून बाजारात विकायला नेतात, त्यांना घागऱ्योसाठी दोन डोंगर पलीकडे जावे लागले. पतंगाला तसे पलीकडे जाता आले की नाही, हे कोणी पाहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्याखाली पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. या नोंदवहीत मोठी झाडे, औषधी वनस्पती, पक्षी आणि प्राणी सहसा येतात. गोव्याने मलबार ट्री निम्फला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे १,३०० आणि पतंगांच्या सुमारे १० हजार, हे प्रमाण ध्यानात घेतले तर आपल्या नोंदींतील पतंगांची जागा किती अपुरी आहे हे कळते. पतंगांना मराठीत नावेच नाहीत, मग नोंदणार काय, अशी अडचण मला एका समिती सदस्याने सांगितली. ती खरी आहे. परंतु पतंगाचे नाव ठाऊक नसले तरी तो ज्या झाडावर बसतो त्याचे नाव आपल्या गावात कोणाला तरी ठाऊक असतेच. माटोळीचे सामान आणणाऱ्या बायका, गुराखी, पावसाळ्यात तायकिळा आणि इतर रानभाज्या खुडणाऱ्या आज्या, या साऱ्यांकडे ही यादी तोंडपाठ आहे. कोणत्या झाडावर कोणती अळी कोणत्या नक्षत्रात दिसते, एवढे जरी त्यांना विचारून लिहिले, तरी पुढच्या अभ्यासकाचे अर्धे काम झालेले असेल. आणि निदान सड्यावर वृक्षारोपण करू इच्छिणाऱ्या संस्थांनी खड्डे मारण्यापूर्वी, एका उन्हाळ्यात नव्हे तर एका पूर्ण पावसाळ्यात, ती जागा पाहून घ्यावी. झाडेच लावायची असतील तर ती गावाच्या वाटांवर, शाळांच्या आवारात, खाणींनी खरवडलेल्या उतारांवर लावावीत. तेथे जागा पुष्कळ आहे.

मी आणि माझे चार माजी विद्यार्थी या आषाढापासून दर रविवारी सकाळी आमच्या सड्याच्या उरलेल्या भागावर जाऊन वहीत नोंदी करतो. आजपर्यंत घागऱ्योची सतरा झुडपे मोजली असून त्यांपैकी तीनांवर ठिपक्यांचा पतंग दिसला. ही वही पूर्ण झाल्यावर आम्ही पंचायतीच्या समितीकडे देणार आहोत. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या गावच्या सड्यावर घागऱ्यो शिल्लक असेल, तर त्यांनी यंदा चतुर्थीसाठी शेंगा तोडताना आत अळी आहे का ते पाहावे आणि असेल तर ती शेंग तेवढी झाडावरच ठेवावी, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करते.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सत्तरी, गोवा